घर दिसते, बिऱ्हाड दिसत नाही

मराठीत घर आणि बिऱ्हाड असे दोन शब्द आहेत. घर जागेवर राहते, बिऱ्हाड पाठीवर घ्यावे लागते. परदेशी राहायला जाणाऱ्यांवरचे 'रिअ‍ॅलिटी शो' गेली काही वर्षे मी वही-पेन घेऊन पाहतो आहे. त्यांत घर भरपूर दिसते, बिऱ्हाड मात्र दिसत नाही. आणि ते झाकण्याचे काम ज्याचे बिऱ्हाड आहे त्याच्याकडूनच करून घेतलेले असते. या लेखात तेवढेच मांडायचे आहे.

या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध कार्यक्रम म्हणजे अमेरिकेतल्या एचजीटीव्ही वाहिनीवरचा 'हाउस हंटर्स इंटरनॅशनल'. तो २००६ पासून चालू आहे. त्याचा साचा ठरलेला आहे. एक जोडपे परक्या देशात येते, दलाल तीन घरे दाखवतो, नवराबायको स्वयंपाकघरावरून थोडे कुरकुरतात आणि शेवटी एक घर निवडतात. अर्ध्या तासात देश बदलतो.

२०१२ मध्ये याच्या मूळ कार्यक्रमात, म्हणजे 'हाउस हंटर्स'मध्ये, झळकलेल्या एका अमेरिकन बाईने आतली हकिगत उघड केली. निवड होण्याआधीच त्यांनी घर विकत घेतलेले होते. 'पाहिलेली' बाकीची घरे विकायला नव्हतीच, ती मित्रांची होती. जुने घर भाड्याने द्यायचे म्हणून दुसरे घेतले, ही त्यांची खरी गोष्ट निर्मात्यांना सपक वाटली. म्हणून जागा अपुरी पडते अशी गोष्ट त्यांच्या तोंडी दिली गेली. घर घेण्याच्या प्रक्रियेत बरीच पुढे गेलेली कुटुंबेच आपण निवडतो, हे वाहिनीनेही नाकारले नाही.

यावर बहुतेकांची प्रतिक्रिया 'म्हणजे सगळे खोटेच' अशी झाली. मला ती अपुरी वाटते. नाटकही खोटेच असते, पण तिथे नट दुसऱ्याचे आयुष्य उभे करतो. इथे माणूस स्वतःच्याच होऊन गेलेल्या निर्णयाचा नट होतो. जे ठरवताना प्रत्यक्षात कर्ज, नोकरी, आईवडील यांचा विचार केला, ते 'बाल्कनी आवडली' म्हणून ठरवले असे त्याला कॅमेऱ्यासमोर दाखवावे लागते. निर्णयाचे खरे कारण गळते आणि आवड तेवढी शिल्लक राहते. देशांतर ही अशा रीतीने खरेदी होऊन बसते.

मराठीत परदेशी स्थायिक होण्यावरचा असा कार्यक्रम माझ्या पाहण्यात नाही, पण त्याची भावंडे आहेत. झी मराठीवर डिसेंबर २०२३ मध्ये 'जाऊ बाई गावात' सुरू झाला. शहरी मुली गावात राहायला आल्या आणि हार्दिक जोशी सूत्रसंचालक होते. २०२५ मध्ये श्रेयस तळपदे यांच्या सूत्रसंचालनाखाली त्याचे उलटे रूप आले, 'चल भावा सिटीत'. त्यात गावाकडची पोरे शहरात. शेण उचलताना तोंड वाकडे करणारी मुलगी आणि शहरी रीतिभाती पाहून बुजणारा मुलगा, दोघेही हसण्यासाठीच उभे केलेले. दोघांच्याही खिशात परतीचे तिकीट असते, म्हणून आपणही मोकळेपणाने हसतो.

ते तिकीट दर वेळी चालतेच असे नाही. शेजारच्या कर्नाटकात हा साचा आधीच येऊन गेला होता. 'हळ्ळी हैदा प्याटेगे बंद', म्हणजे खेड्यातला पोरगा शहरात आला, या कन्नड कार्यक्रमाचा विजेता म्हैसूर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरचा तरुण होता. पुढे तो चित्रपटाचा नायक झाला. २०१३ मध्ये म्हैसूरला इमारतीवरून पडून त्याचा मृत्यू झाला. त्याचे खापर कार्यक्रमावर फोडण्याइतका पुरावा नाही आणि मी ते फोडत नाही. एवढेच म्हणतो की पाडा सुटल्यानंतरचे त्याचे जगणे हाच खरा स्थलांतराचा भाग होता, आणि तो कोणत्याही भागात येणार नव्हता.

आपल्या साहित्याने हा भाग पाहिलेला आहे. सांगोल्याला लागून असलेल्या आटपाडीच्या मुलखातली व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची. तिच्या शेवटी दुष्काळात धनगर वाडी सोडून जातात. तिथे तीन घरांतून एक निवडायचे नसते. पाऊस नाही, चारा नाही, म्हणून निघायचे असते. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'त मुलगा अमेरिकेत आहे, पण नाटक घडते ते इथल्या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात. माडगूळकरांनी जाण्याचे कारण दाखवले, दळवींनी मागे उरणे दाखवले. टीव्हीच्या साच्यातून नेमक्या याच दोन गोष्टी वगळलेल्या आहेत.

हा प्रश्न केवळ समीक्षेचा असता तर दिवाळी अंकाची पाने मी अडवली नसती. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. सुमारे १० हजार तरुण पाठवण्याचे उद्दिष्ट सांगितले गेले. तेव्हापासून सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गावीही नर्सिंग आणि आयटीआय झालेली मुले जर्मनची चौकशी करू लागली आहेत. त्यांनी जावे, जरूर जावे. डाळिंबाच्या बागेवर तेल्या पडला की घराचे वर्ष कसे जाते, हे इथे कुणाला सांगायला नको. पण ही मुले मोबाइलवर जे परदेश पाहतात ते बहुतेक याच साच्यातले असते: खोली, खिडकी, बर्फ, पहिला पगार. भाषेची बी-२ पातळी गाठायला लागणारे महिने, प्रमाणपत्राच्या मान्यतेची वाट, आजारी वडिलांना दवाखान्यात कोण नेणार याची घरातली बोलणी, हे त्यात नसते.

म्हणून अशा कार्यक्रमाकडे पाहण्याची माझी कसोटी साधी आहे. त्यात पैसा कुठून आला हे कळते का? कागदपत्रे दिसतात का? मागे कोण राहिले त्याला एक तरी वाक्य मिळते का? तिन्ही उत्तरे नाही अशी आली, तर आपण घरांची जाहिरात पाहिली असे समजावे. एखाद्या मराठी निर्मात्याने उद्या जर्मनीला निघालेल्या पोराच्या मागे कॅमेरा लावला, तर विमान उडाल्यावर एक कॅमेरा त्याच्या आईच्या ओसरीवर ठेवावा. करमणूक कदाचित थोडी कमी होईल. पण 'रिअ‍ॅलिटी' हा शब्द तेव्हा पहिल्यांदा खरा ठरेल.