पाय पुसण्याएवढी संधी

‘श्यामची आई’वर आता नवे ते काय लिहायचे, असे वाचक म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे अगदीच गैर आहे असे नाही. १९३३ सालच्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी हे पुस्तक अवघ्या पाच दिवसांत लिहून काढले, १९३५ साली ते प्रसिद्ध झाले, आणि १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर काढलेल्या बोलपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. तेव्हापासून ज्याच्या डोळ्यांत श्यामच्या आईने पाणी आणले नाही, असे मराठी घर विरळाच. भक्तांनी या आसवांसाठी पुस्तक डोक्यावर घेतले, आणि नाके मुरडणाऱ्यांनी याच आसवांसाठी त्याला भाबडे ठरवले. मला आसवांविषयी बोलायचे नाही. लहानांना वळण लावू पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांचे पुस्तक म्हणून ते कोठे खरे उतरते आणि कोठे उणे पडते, एवढेच मला पाहायचे आहे.

प्रथम पुस्तकाची मांडणी पाहा. गोष्टी श्यामच्या बालपणीच्या खऱ्या. पण त्या सांगतो तो मोठा झालेला श्याम, आणि ऐकतात ते आश्रमातले त्याचे तरुण मित्र. दिवसाची कामे उरकतात, प्रार्थना होते, आणि मग एकेका रात्री एकेक आठवण, अशा बेचाळीस रात्री. म्हणजे येथे शिकवणे दुपदरी आहे. आत आई श्यामला शिकवते, बाहेर श्याम मित्रांना शिकवतो. वाचक आतल्या पदरात इतका गुंततो की बाहेरचा त्याच्या ध्यानातच राहत नाही. या दोन पदरांची तुलना केली, म्हणजे पुस्तकाचे खरे मर्म हाती लागते.

आईचे शिकवणे कसे आहे? ती मुलाला समोर बसवून सद्गुणांचे पाठ देत नाही. प्रसंग आपल्या पायांनी चालत येतो, आणि ती तो सोडत नाही. न्हाऊन झालेल्या श्यामला ओल्या पायांना घाण लागायला नको असते. तो हट्ट धरतो. आई त्याचा हट्ट पुरवते आणि पायांइतकेच मनालाही जप, असे जाता जाता सुचवते. सारा धडा तो एवढाच. श्याम मुक्या कळ्या खुडून आणतो, म्हणून फुलांविषयी बोलणे निघते. पोहायला शिकायच्या वेळी तो भिऊन लपून बसतो, तेव्हा हीच मायाळू बाई हातात शिंपटी घेते. मारण्याचे मी समर्थन करणार नाही. आजचे आईबापही करणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण भित्रेपणा आज पाठीशी घातला तर तो जन्मभर मुक्कामाला राहील, हे तिने ओळखले, यात संशय नाही.

‘अळणी भाजी’ची कथा मला याहूनही मोलाची वाटते. भाजीत मीठ घालायचे राहून जाते. वडील एक अक्षर न बोलता जेवतात. त्यांचे पाहून मुलेही जेवतात. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला ते कळते. या प्रसंगात कोणी कोणाला काही शिकवीत नाही, आणि तरी मुले जे शिकतात ते दहा व्याख्यानांनी साधले नसते.

आता बाहेरचा पदर. येथे मात्र गुरुजींशी माझा वाद आहे. गोष्ट संपते, ऐकणारा गप्प होतो, आणि नेमक्या त्या वेळी निवेदक श्याम उपदेशाला लागतो. मातृभूमी, त्याग, प्रेम, एकामागून एक मोठे शब्द येतात. आई एका वाक्यावर थांबत होती. मुलगा दोन पाने थांबत नाही. संधी साधण्यात थांबणेही येते, हे आईला अवगत होते, लेखकाला नेहमी नव्हते. कोवळ्या मनाला गोष्ट भिडली की तिचे सार ते आपले आपण काढते. ते आपणच काढून हातावर ठेवले, तर मुलाला करायला काही उरत नाही.

अमळनेरच्या शाळेत आणि वसतिगृहात १९२४ ते १९३० या काळात गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक लिहीत. रोज लिहायचे आणि रोज मुलांपुढे ठेवायचे! पुस्तकातला तो ओघ आणि तो उपदेशही याच ध्यासातून आला असावा. म्हणून दोष दिसला तरी रागावता येत नाही.

या पुस्तकातली सर्वांत मोठी शिकवण मात्र ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणात आहे, असे माझे मत आहे. एका म्हाताऱ्या महार बाईला मोळी उचलवत नाही. आई श्यामला तिच्या मदतीला धाडते. पण घरी येऊन आंघोळ कर, असेही सांगते! आजच्या वाचकाला ही आंघोळ खुपते, आणि खुपायलाच हवी. त्या काळच्या रूढीचे कुंपण त्या माउलीला पुरते ओलांडता आले नाही. तिने फक्त त्याचे दार किलकिले केले. पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले, आणि ते मंदिर खुले झाले. आंघोळीचा प्रश्नच त्यांनी निकालात काढला.

मला वाटते, शिकवणाऱ्याचे यश मोजायचे ते येथे. शिष्य आपल्यासारखा निपजला तर शिकवण पोचली, इतकेच म्हणता येईल. तो आपल्या कुंपणापलीकडे गेला तर ती रुजली. आईला पंढरपूर ठाऊक नव्हते. तिच्यापुढे होती ती एक थकलेली बाई, एक मोळी आणि हाताशी असलेला मुलगा. ती वेळ तिने वाया जाऊ दिली नाही, आणि बाकीचे मुलाने केले.

दिवाळीत घर भरलेले असते. आजोबा, मामा, आत्या आणि मुलांची पलटण एका छपराखाली येते. मुलांना जवळ बसवून चार बोधाच्या गोष्टी सांगण्याची हौस अशा वेळी कोणाला होत नाही? तिला माझी हरकत नाही. पण कंदील बांधताना, फराळाचे ताट शेजारी पोचवताना, दारी आलेल्या कामकरी माणसाशी बोलताना मुले आपल्याकडे पाहत असतात. श्यामच्या आईची शाळा भरे ती अशाच वेळी, आणि तिथे पाढे थोडे असत.