रोझेनहानचा प्रयोग: पुरावा की नुसती गोष्ट?

मानसोपचारातल्या पूर्वग्रहांचा विषय निघाला की डेव्हिड रोझेनहानचा प्रयोग हमखास सांगितला जातो. १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यावरचा लेख आला. आठ धडधाकट माणसं अमेरिकेतल्या बारा रुग्णालयांत गेली, कानात आवाज येतात एवढंच म्हणाली, आणि दाखल झाली. आत गेल्यावर ती नेहमीसारखी वागली, तरी सरासरी १९ दिवस राहावं लागलं. गोष्ट म्हणून हे जबरदस्त आहे. पुरावा म्हणून मात्र कच्चं आहे, असं माझं म्हणणं आहे.

का? सुझाना कॅहलन या पत्रकाराचं ‘द ग्रेट प्रिटेंडर’ हे पुस्तक २०१९ मध्ये आलं. त्यांना रोझेनहानचे स्वतःचे केस पेपर मिळाले. त्यात आत्महत्येच्या विचारांचीही नोंद आहे. लेखात ती नाही. ज्याला रुग्णालयात चांगला अनुभव आला, अशा एका सहभागी माणसाला लेखातून वगळलं होतं. बाकीच्या बहुतेकांचा तर पत्ताच लागला नाही. आता सांगा, आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या माणसाला दाखल करून घेणं, हा पूर्वग्रह की काळजी?

मग इतकी वर्षं आपण हा प्रयोग का सांगत राहिलो? कारण तो आपल्या मताला सोयीचा होता. जे पटलेलंय त्याला दुजोरा देणारं तेवढं उचलायचं, हाच तर तो दोष, जो आपण डॉक्टरांच्या माथी मारत होतो!

पण याचा अर्थ शिक्क्याचा परिणाम होत नाही, असा नाही बरं का. १९७४ मध्ये एलेन लँगर आणि रॉबर्ट एबलसन यांनी थेरपिस्टना एकाच माणसाच्या मुलाखतीची चित्रफीत दाखवली. काहींना सांगितलं, हा नोकरीचा उमेदवार. काहींना सांगितलं, हा रुग्ण. ‘रुग्ण’ ऐकलेल्या मनोविश्लेषणवाद्यांना तोच माणूस जास्त बिघडलेला वाटला. वर्तनोपचार शिकलेल्यांवर मात्र या शब्दाचा फारसा परिणाम झाला नाही. हा प्रयोग कमी नाट्यमय आहे, पण जास्त कामाचा आहे. बघण्याची पद्धत शिकवता येते, हे तो सुचवतो.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात हेच तत्त्व आहे. पूर्वी उपचार घेतले होते किंवा रुग्णालयात राहिला होता, एवढ्यावरून आज त्याला मानसिक आजार आहे असं ठरवता येत नाही. कायदा चांगलाच आहे, पण जुनी फाइल टेबलावर असताना तो आपोआप आठवत नाही. म्हणून सवय लागते. आधी माणसाचं ऐकायचं, मग फाइल उघडायची. निदानाखाली दोन ओळी लिहायच्या: दुसरी शक्यता कोणती, आणि काय दिसलं तर माझं निदान चुकीचं ठरेल. छातीत दुखतंय म्हणाला तर आधी छाती तपासायची, ‘घाबरट स्वभाव’ नंतर.

ओपीडीत गर्दी असते, वेळ नसतो, हे खरंय. पण दोन ओळींना किती वेळ लागतो? त्या न लिहिल्याची किंमत पेशंट मोजतो, आणि कधी कधी ती वर्षांत मोजावी लागते.