पादचाऱ्याची इजा आणि तिचे माप : माजिवडा नाक्याच्या संदर्भात एक परीक्षण

महामार्गावरील अपघातांत पादचाऱ्यास होणाऱ्या इजेचे गांभीर्य कोणत्या घटकांवर अवलंबून असते, या प्रश्नावर गेल्या काही दशकांत विपुल संशोधन झाले आहे. त्याची पद्धती बहुतांशी ठरून गेलेली आहे. पोलिसांच्या नोंदी घ्यावयाच्या, इजेची मृत्यू, जबर दुखापत व किरकोळ दुखापत अशी प्रतवारी लावावयाची आणि पादचाऱ्याचे वय, प्रकाश, वेळ, वाहन व रस्ता यांचा त्या प्रतवारीशी असलेला संबंध संख्याशास्त्रीय प्रतिमानाने काढावयाचा. गणित म्हणून ही पद्धती निर्दोष असू शकेल. परंतु तिने जे मोजले ते खरोखर इजेचे गांभीर्यच आहे काय, हा प्रश्न क्वचितच उपस्थित केला जातो.

‘जबर दुखापत’ ही संज्ञा वैद्यकाची नव्हे, कायद्याची आहे. भारतीय दंड संहितेच्या ३२० व्या कलमात तिचे आठ प्रकार सांगितले होते. त्यांत हाडाच्या भंगाप्रमाणेच दाताचा भंगही येतो. म्हणजे मांडीचे हाड मोडलेला आणि दात तुटलेला असे दोघेही पादचारी एकाच प्रतीत जमा होतात. शेवटच्या प्रकारात वीस दिवस तीव्र वेदना किंवा नित्य व्यवहारास असमर्थता ही कसोटी होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११६ व्या कलमाने ही मुदत पंधरा दिवसांवर आणली. यास्तव या तारखेच्या अलीकडील व पलीकडील नोंदी एकत्र करून जो अभ्यासक गांभीर्य वाढल्याचा निष्कर्ष काढील, तो कदाचित् शरीरातील नव्हे, संहितेतील बदल मोजत असेल.

दुसरा दोष नोंदीत जे मुळीच येत नाही त्याचा आहे. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रोसेन व सँडर यांनी २००९ मध्ये जर्मनीतील अपघातांवरून दाखविले की, मोटारीच्या पुढील भागाची धडक बसलेल्या प्रौढ पादचाऱ्यास ताशी ५० किलोमीटर वेगाला असलेला मृत्यूचा धोका ४० च्या दुपटीहून आणि ३० च्या पाचपटीहून अधिक असतो. किरकोळ इजेच्या घटना नमुन्यात कमी येतात हे ओळखून त्यांनी आपली आधारसामग्री भारांकनाने दुरुस्तही केली. आपल्याकडील नोंदीत ‘अतिवेग’ हे कारण म्हणून लिहिले जाते. आघाताचा वेग मात्र लिहिला जात नाही. किरकोळ लागून घरी गेलेला पादचारी तर नोंदीतच नसतो.

माजिवडा नाक्यावर या उणिवा एकवटतात. मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग, नाशिककडे जाणारा महामार्ग आणि घोडबंदर रस्ता येथे एकत्र येतात. उड्डाणपुलावरून सरळ जाणारी वाहतूक वेगाने धावते. पुलाखाली बस, रिक्षा, दुचाकी, मालमोटारी व पायी चालणारे एकमेकांतून वाट काढतात. नोंदीत केवळ ‘माजिवडा’ असे लिहिले, तर अगदी भिन्न वेगांची दोन स्थळे एका नावाखाली जातात. शिवाय मोटारीची धडक प्रथम पायास बसून डोके नंतर काचेवर आपटते. मालमोटारीचा उंच, सपाट दर्शनी भाग छातीवर व डोक्यावर एकदमच आघात करतो आणि पडलेला मनुष्य चाकाखाली येण्याचे भय राहते. म्हणून मोटारीवरून काढलेला जर्मन आलेख येथे जसाच्या तसा लावता येणार नाही.

अपघाताची शक्यता आणि अपघातातील गांभीर्य यांतील भेदही येथे जपला पाहिजे. माजिवडा ते वडपे या मार्गाचे रुंदीकरण महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले. साडेतीन मीटरच्या आठ मार्गिका, म्हणजे २८ मीटर अंतर, सेकंदास १.२ मीटर गतीने ओलांडण्यास सुमारे २३ सेकंद लागतात, वृद्धास अधिक. ही रुंदी स्वतः इजा वाढवीत नाही. ती शक्यता वाढविते. वेग मात्र दोन्ही वाढवितो. केवळ घडलेल्या अपघातांच्या नोंदींवर उभारलेले प्रतिमान पहिल्या परिणामाविषयी काहीच सांगू शकत नाही.

परिणाम असा की, जे नोंदले जाते तेच ‘घटक’ ठरते. पादचाऱ्याचे वय आणि त्याने रस्ता कोठे ओलांडला हे लिहिले जाते; वेग व वाहनाची रचना गळते. मग प्रतिमानात पादचाऱ्याची चूक ठळक दिसते, आणि उपायही कुंपण व पादचारी पूल यांपाशी थांबतात. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात ३२,८२५ पादचारी मृत्युमुखी पडले. एकूण रस्ते-मृत्यूंत हे प्रमाण १९.५ टक्के होते. पोलिसांची मूळ कागदपत्रे तपासली असता पादचाऱ्यांचा वाटा याहून मोठा आढळतो, असे दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील दिनेश मोहन व गीतम तिवारी यांच्या संशोधनाने दाखविले आहे.

तात्पर्य, अधिक सूक्ष्म प्रतिमानाआधी अधिक सत्य नोंद हवी. रुग्णालयातील इजेचे वैद्यकीय वर्णन पोलिसांच्या नोंदीशी जोडले जावे, पूल, त्याखालचा रस्ता व सेवारस्ता हे वेगळे दाखविले जावेत आणि त्या त्या ठिकाणचा प्रत्यक्ष वेग मोजला जावा. हे होईतो पादचाऱ्याच्या निष्काळजीपणाविषयीचे निष्कर्ष सिद्धांत म्हणून नव्हे, नोंदीच्या अपुरेपणाचे प्रतिबिंब म्हणूनच वाचणे न्याय्य ठरेल.