एकच सही, दोन खाती

एका माणसाची दोन खाती असली, तरी बँकेत सही ताडून पाहतात. आमचे वडील गाण्यांच्या बाबतीत ती तसदी घेत नसत. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेलं ‘गीतरामायण’ ते हात जोडून ऐकत; पण ‘मल्हारी मार्तंड’मधली (१९६५) सुलोचना चव्हाणांची उसाची लावणी लागली, की रेडिओ बंद! वास्तविक दोन्ही गदिमांचीच. तिकडे भारदस्त संस्कृत शब्द, इकडे ऊस आणि कोल्हा. पण शब्द तोंडात कुठं अडेल तर शपथ! सही तीच. मला तर लावणीच काकणभर सरस वाटते. (हे घरी बोलायचं नाही.)

एकदा न्हाणीघरातून तीच लावणी ऐकू आली, चांगली ठसक्यात. वडील बाहेर आले, मला पाहून म्हणाले, ‘‘पाणी फार गार होतं रे.’’