वाईन-आस्वादाची परिभाषा : ॲन नोबल यांच्या गंधचक्राची चिकित्सा

वाईनचे वर्णन करणारी भाषा टिंगलीचा विषय व्हावी, यात नवल नाही. एकाच पेल्यातून ब्लॅककरंट, देवदाराची पेटी, तंबाखू, चामडे आणि नुकतीच टोक केलेली पेन्सिल यांचे वास आल्याचे जो लिहितो, त्याच्याकडे सामान्य वाचक संशयानेच पाहतो. हा संशय रास्त असला तरी तो पुरेसा नाही. मुख्य प्रश्न असा की, असे आस्वाद-टिपण वाचून दुसऱ्या व्यक्तीला समोरच्या पाच पेल्यांपैकी नेमका तो पेला ओळखता येतो काय? येत असेल तर ते वर्णन होय. येत नसेल तर ती केवळ लिहिणाऱ्याच्या आनंदाची नोंद होय. या कसोटीवर, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संवेदन-वैज्ञानिक ॲन नोबल यांनी सहकाऱ्यांसमवेत १९८४ साली मांडलेल्या आणि १९८७ मध्ये सुधारलेल्या 'वाईन अरोमा व्हील' अर्थात गंधचक्राची तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. गंधाच्या वर्णनाला शिस्त लावण्याच्या प्रयत्नांत या चक्राइतका प्रसार क्वचितच दुसऱ्या कशाला लाभला असेल. त्यामुळे त्याचे यश आणि त्याच्या मर्यादा या दोन्हींचे परिणामही दूरवर पोहोचले आहेत.

गंधचक्रापूर्वीची परिस्थिती

चक्रापूर्वीच्या युरोपीय वर्णनांत वाईन 'खानदानी' असे, 'प्रामाणिक' असे, 'मर्दानी' किंवा 'नाजूक' असे. ही विशेषणे माणसाच्या कुळशीलाची होती. त्यांचा पेल्यातील द्रवाशी संबंध कोणता, हे विचारण्याची पद्धत नव्हती. डेव्हिस येथीलच मेनार्ड अमेरीन आणि एडवर्ड रोस्लर यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात वाईनच्या संवेदन-परीक्षणाला संख्याशास्त्राची जोड दिली आणि अशा अलंकारिक शब्दांना हद्दपार करण्याचा आग्रह धरला. दुसरीकडे भाषावैज्ञानिक एड्रिएन लेहरर यांनी १९७५ च्या निबंधात आणि पुढे १९८३ च्या 'वाईन अँड कॉन्व्हर्सेशन' या ग्रंथात हाच प्रश्न प्रयोगाने तपासला. एकाने केलेल्या वर्णनावरून दुसऱ्याने वाईन ओळखावी, असे त्यांच्या प्रयोगांचे स्वरूप होते. सामान्य आस्वादकांना त्यात फारसे यश मिळाले नाही. आपण एकच भाषा बोलतो असे मानणारी माणसे प्रत्यक्षात एकाच शब्दाखाली वेगवेगळ्या गोष्टी ठेवत होती, असे त्यावरून दिसून येते. तरीही त्यांचे बोलणे थांबत नव्हते, कारण अशा बोलण्याचे प्रयोजन माहितीपेक्षा सहवासाचे अधिक असते. लेहरर यांचे हे निरीक्षण केवळ वाईनपुरते मर्यादित मानण्याचे कारण नाही. संमेलनांतील चर्चा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना ते सहज पटावे.

नोबल यांनी केलेला बदल मूलगामी होता. त्यांनी आवडी-निवडीचे आणि गुणगौरवाचे सर्व शब्द वगळले. उरलेल्या शब्दांची मांडणी तीन वर्तुळांत केली. आतल्या वर्तुळात फळांचे, फुलांचे, मसाल्यांचे, वनस्पतींचे, लाकडाचे, मातीचे असे बारा स्थूल वर्ग. मधल्या वर्तुळात त्यांचे पोटभेद. बाहेरच्या वर्तुळात नेमके शब्द. नवख्या आस्वादकाने आतून बाहेर जावे, अशी योजना. 'फळाचा वास येतो' एवढेच म्हणू शकणारा मनुष्य 'लिंबूवर्गीय' या पायरीवरून 'ग्रेपफ्रूट'पर्यंत पोहोचतो.

तथापि चक्राचे खरे मर्म या वर्तुळांत नाही, ते बरण्यांत आहे. चक्रावरील नेमक्या शब्दांसाठी नोबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानक नमुने सुचविले. गंधाने तटस्थ अशी वाईन घ्यावी, तिच्यात ढोबळ्या मिरचीचा लहानसा तुकडा घालून ठेवावा, हा झाला 'ढोबळ्या मिरची'चा नमुना. डबाबंद ॲस्परॅगसचे पाणी थोडे मिसळले की तो दुसरा. लवंग, मिरी, व्हॅनिला अर्क, सोया सॉस, लोणी यांचेही असेच. शब्दाचा अर्थ शब्दकोशात न शोधता पेल्यात शोधावा, ही दृष्टी या प्रकल्पात आहे, आणि लेहरर यांनी दाखविलेल्या दोषावरचा तोच एकमेव परिणामकारक उपाय होता. दुर्दैवाने जगभर गेले ते प्लास्टिकचे रंगीत चक्र. बरण्या मागे राहिल्या.

फळावाचून शब्द

बरण्या मागे राहिल्याने काय घडते, याचे ठळक उदाहरण म्हणजे 'ब्लॅककरंट'. कॅबर्ने सोव्हिन्याँ या वाणाच्या वर्णनात हा शब्द हटकून येतो आणि चक्रावरही त्याला स्थान आहे. परंतु पांढऱ्या पाइन वृक्षांवरील तांबेरा पसरविणाऱ्या बुरशीला ही झुडपे आश्रय देतात, म्हणून अमेरिकेत १९११ पासून १९६६ पर्यंत त्यांच्या लागवडीवर संघराज्याची बंदी होती. न्यूयॉर्कसारख्या राज्यात तर ती २००३ पर्यंत टिकली. म्हणजे ज्या देशात हे चक्र तयार झाले, त्या देशातील बहुसंख्य वाचकांनी ते फळ हाताळलेलेही नव्हते. त्यांनी 'ब्लॅककरंट' हा शब्द कॅबर्नेकडून शिकला आणि मग कॅबर्नेचे वर्णन ब्लॅककरंटने केले. हे वर्तुळ चक्रावर छापलेले नाही, पण आस्वाद-टिपणांचा बराच मोठा भाग त्याच्यावरच फिरतो.

मराठीच्या संदर्भात ही अडचण अधिक तीव्र होते. नाशिक परिसरात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वाईन उद्योग वाढीस लागला, २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि शिराझ, कॅबर्ने, सोव्हिन्याँ ब्लां, शनँ ब्लां ही नावे मराठी शेतकऱ्याच्या बोलण्यात आली. या वाईनविषयी मराठीत लिहू पाहणारा लेखक इंग्रजी चक्र समोर ठेवून भाषांतर करू लागला, तर पहिल्या तीन पावलांतच तो फसेल. सोव्हिन्याँ ब्लांच्या वर्णनातील 'गूजबेरी'ला तो शब्दकोशाच्या आधारे 'आवळा' म्हणेल. प्रत्यक्षात युरोपातील गूजबेरी आणि आपला आवळा यांचे कूळही एक नाही आणि गंधही एक नाही. 'ब्लॅककरंट'ला तो 'काळ्या मनुका' म्हणेल. येथे तर अर्थ उलटतो, कारण वाईनला मनुकांचा वास येणे हे द्राक्षे वेलीवर अतिपक्व झाल्याचे लक्षण समजतात. म्हणजे जे गुण म्हणून सांगितले ते दोष म्हणून पोहोचेल. 'ॲस्परॅगस'ला तो 'शतावरी' म्हणेल आणि युरोपीय भाजीच्या कोवळ्या कोंबाऐवजी वाचकाच्या मनात वैद्याकडील मुळी उभी राहील. तिन्ही ठिकाणी मराठी शब्द निर्दोष आहे, वाक्यही व्याकरणशुद्ध आहे, आणि वर्णन पूर्णतः चुकीचे आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण शिराझचे आहे. या वाणाच्या काही वाईनमध्ये काळ्या मिरीचा स्पष्ट वास येतो. त्याला कारणीभूत असलेले संयुग ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये निश्चित केले. त्याचे नाव रोटंडोन. लाल वाईनमध्ये ते लिटरला अवघे १६ नॅनोग्रॅम असले तरी सरासरी आस्वादकाला जाणवते. मात्र त्याच प्रयोगातील सुमारे २० टक्के परीक्षकांना ते साध्या पाण्यात ४००० नॅनोग्रॅम असूनही जाणवले नाही. अशा पाचांपैकी एका माणसाने 'मिरीचा वास नाही' असे लिहिले, तर ते त्याचे अज्ञान नव्हे. ही गोष्ट आस्वादाच्या अधिकारवाणीने बोलणाऱ्यांनी लक्षात घ्यावयास हवी.

रोटंडोन हे नाव आले ते सायपरस रोटंडस या वनस्पतीवरून, म्हणजे आपल्या नागरमोथ्यावरून. सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरमोथ्याच्या तेलातील या संयुगाची नोंद १९६७ मध्ये केली होती. सुख देव त्या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कार्यरत होते. नागरमोथ्याचा समग्र वास म्हणजे केवळ रोटंडोन नव्हे, हे खरे. तरीही एखाद्या मराठी आस्वादकाला शिराझच्या पेल्यात दिवाळीच्या उटण्याची आठवण झाली, तर चक्रावर तो शब्द नाही म्हणून ती खोडून टाकण्याचे कारण नाही. चक्रावरचे शब्द निसर्गाने ठरविलेले नाहीत. विसाव्या शतकातील अमेरिकी स्वयंपाकघरातील फडताळात जे होते ते चक्रावर आले.

रंगाचा प्रभाव

गंधाच्या शब्दांवर डोळ्यांचे वर्चस्व किती असते, हे मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दिय यांच्या २००१ मधील प्रसिद्ध प्रयोगाने दाखविले. बोर्दो येथील वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी पांढऱ्या वाईनला गंधहीन लाल रंग दिल्यावर तिच्यासाठी लाल वाईनचे शब्द निवडले. 'तज्ज्ञांना लाल आणि पांढरी वाईन ओळखता येत नाही' असा त्याचा अर्थ वृत्तपत्रांनी लावला, तो ताणलेला आहे. सहभागी व्यक्ती विद्यार्थी होत्या आणि त्यांच्यासमोरचे काम गंधाला शब्द जोडण्याचे होते. प्रयोगाचे अधिक महत्त्वाचे प्रतिपादन वेगळेच आहे : लाल वाईनसाठी आस्वादक गडद किंवा तांबड्या वस्तूंची नावे घेतात आणि पांढऱ्या वाईनसाठी पिवळ्या किंवा फिकट वस्तूंची. वस्तूच्या नावाने गंध सांगण्याची पद्धत स्वीकारली की वस्तूचा रंगही गंधात मिसळतो. चक्राचे बाहेरचे वर्तुळ पूर्णपणे या पद्धतीवर उभे असल्याने हा आक्षेप त्याच्या पायालाच लागतो. क्रॉयमन्स आणि मजिद यांच्या २०१६ मधील अभ्यासानुसार वाईनतज्ज्ञ वाईनच्या वर्णनात नवख्यांपेक्षा अधिक सुसंगत असतात, परंतु रोजच्या इतर वासांना नावे देताना त्यांची ही सरशी टिकत नाही. म्हणजे शिक्षणाने तयार होते ते सर्वसमर्थ नाक नव्हे, तर एका क्षेत्रापुरती नाक आणि शब्द यांची सांगड.

गंध दुसऱ्या रीतीनेही सांगता येतो. मलेशियातील जहाई भाषेत वस्तूचे नाव न घेता गंधाचा प्रकार सांगणारे स्वतंत्र शब्द आहेत, हे मजिद आणि बुरेनहुल्ट यांनी २०१४ मध्ये दाखविले. मराठीही या बाबतीत अगदीच दरिद्री नाही. कुबट, खवट, खमंग, करपट, आंबूस, उग्र हे शब्द कोणत्याही एका वस्तूला बांधलेले नाहीत. दूषित बुचामुळे वाईनमध्ये टीसीए हे संयुग उतरते, तेव्हा इंग्रजी लेखकाला 'ओला पुठ्ठा' किंवा 'दमट तळघर' असे म्हणावे लागते. पावसाळ्यात नीट न वाळलेल्या कपड्यांना आपण ज्या शब्दाने नावे ठेवतो तो 'कुबट' हा एकच शब्द येथे पुरतो. आतून भाजलेल्या ओकच्या पिंपात मुरलेल्या वाईनसाठी 'खमंग' हा शब्द 'टोस्ट'पेक्षा अधिक व्यापक आणि अधिक अचूक ठरू शकेल.

यादी आणि घडण

गंधचक्राची सर्वांत मोठी मर्यादा मात्र शब्दांच्या निवडीत नसून त्याच्या स्वरूपात आहे. ते नामांची यादी देते. यादीतील घटकांचे परस्परांशी नाते काय, कोण पुढे, कोण मागे, हे ते सांगू शकत नाही. आणि वाईन चांगली किंवा सामान्य ठरते ती बहुधा या नात्यामुळे. बोर्दोचे एमिल पेनो यांनी 'ल गू द्यु व्हँ' या १९८० च्या ग्रंथात समतोलाला मध्यवर्ती स्थान दिले. लाल वाईनमध्ये मद्यार्कामुळे येणारा गोडवा एका पारड्यात. आंबटपणा आणि टॅनिनचा तुरट-कडूपणा दुसऱ्या पारड्यात. आंबटपणा अधिक असेल तर तेवढाच तुरटपणा खपत नाही, हे त्यांचे निरीक्षण कोणत्याही गंधशब्दापेक्षा वाईनविषयी अधिक सांगते. मौखिक स्पर्शाची उणीव भरून काढण्यासाठी ऑस्ट्रेलियात रिचर्ड गॉवेल आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये वेगळे स्पर्शचक्र मांडले; त्यात खडू, रेशीम, मखमल अशा शब्दांची योजना आहे. परंतु तीही अखेर यादीच.

तुरटपणाच्या बाबतीत भारतीय परंपरेची भूमिका लक्षणीय आहे. आधुनिक विज्ञान त्याला चव मानत नाही. टॅनिनचा लाळेतील प्रथिनांशी संयोग होऊन तोंडातील स्निग्धता कमी होते, ती स्पर्शसंवेदना होय. आयुर्वेदाने मात्र 'कषाय' हा सहा रसांपैकी एक मानला. शास्त्रीय वर्गीकरण म्हणून आज ते टिकणारे नसले तरी त्यामुळे मराठी भाषकाला 'तुरट' हा शब्द लहानपणापासून, गोड-आंबटाच्या पंक्तीत, मिळालेला असतो. कच्च्या केळ्याचा, सुपारीचा, हिरड्याचा आणि जांभळाचा तुरटपणा वेगवेगळा, हे त्याला शिकवावे लागत नाही. तसेच चवीचा काळही मराठी स्वयंपाकघर सहज बोलते : आंबट आधी लागते, तिखट मागून येते, चव जिभेवर रेंगाळते. फ्रेंच आस्वादकांनी घोट गिळल्यानंतर गंध किती सेकंद टिकतो हे मोजण्यासाठी 'कोदाली' हे एकक कल्पिले. एक कोदाली म्हणजे एक सेकंद. 'रेंगाळणे' या क्रियापदाला ही मोजपट्टी जोडता येईल, पण नोबल यांच्या चक्रात मुळात क्रियापदाला जागाच नाही.

भरताने रसाची कल्पना समजावताना नाना व्यंजनांनी युक्त अन्नाचा दाखला दिला आणि मराठी समीक्षेने 'आस्वादक समीक्षा' हा शब्दप्रयोग रूढ केला. जिभेचे शब्द साहित्याला इतके उदारपणे देणाऱ्या भाषेला जिभेविषयी लिहिताना भाषांतरित चक्रावर विसंबावे लागावे, हे विसंगत आहे. नोबल यांच्याकडून घ्यावयाची ती पद्धत : तटस्थ वाईन, बरणी आणि तीवर लिहिलेला एक शब्द. नाशिकच्या अभ्यासवर्गात लवंग, मिरी, पेरू, फणस, नागरमोथा, भिजवलेला पुठ्ठा यांच्या बरण्या मांडणे अवघड नाही. ब्लॅककरंटला मात्र मराठी पर्याय नाही. जांभूळ रंगाने आणि तुरटपणाने जवळचे वाटले तरी त्याचा गंध तो नव्हे. तेथे 'ब्लॅककरंट' हाच शब्द देवनागरीत ठेवावा आणि त्या फळाच्या सरबताची एक बाटली आणून शेजारी उघडून ठेवावी.