बकिंगहॅमचे ड्यूक

इंग्लंडमधील एक इतिहासप्रसिद्ध सरदारपदवी. १४४४ ते १८८९ या काळात, मधूनमधून खंड पडत, ती स्टॅफर्ड, व्हिलियर्स, शेफील्ड व टेंपल-ग्रेनव्हिल या चार घराण्यांकडे होती. शेवटच्या दोन घराण्यांच्या पदवीस अनुक्रमे नॉर्मन्बी व शँडोस ही नावे जोडलेली होती. इंग्रजी साहित्यात या पदवीला लाभलेले स्थान केवळ तिच्या धारकांच्या राज्यकर्तृत्वामुळे लाभलेले नाही. सिंहासनाच्या अगदी निकट जाणे आणि तेथून कोसळणे, हे त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्यास आले. या अधःपाताचा अर्थ लावण्याची लेखकांची दृष्टी कशी पालटत गेली, हे या एका नावाच्या आधारे पाहता येते. त्याबरोबरच, अशी साहित्यचित्रे इतिहासाचा पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावीत, हा प्रश्नही उपस्थित होतो.

पहिला ड्यूक हंफ्री स्टॅफर्ड हा मातृकुलाकडून तिसऱ्या एडवर्डचा वंशज होता. गुलाबयुद्धात नॉर्थॅम्प्टनच्या लढाईत (१४६०) तो मारला गेला. त्याचा नातू हेन्री याने १४८३ मध्ये तिसऱ्या रिचर्डला राज्यपद मिळवून देण्यास साहाय्य केले. पण काही महिन्यांतच त्याने रिचर्डविरुद्ध बंड केले आणि २ नोव्हेंबर १४८३ रोजी सॉल्झबरी येथे त्याचा शिरच्छेद झाला. टॉमस सॅक्‌व्हिलने मिरर फॉर मॅजिस्ट्रेट्‌स या काव्यसंग्रहाच्या १५६३ च्या आवृत्तीत या हेन्रीच्या प्रेतात्म्याचा विलाप घातला. तेथे ड्यूक हा दैवाच्या फेऱ्यात सापडलेल्या थोरांचा एक नमुना आहे. सॅक्‌व्हिलची शोकगंभीर शैली प्रभावी असली, तरी त्या नमुन्यामागील माणूस तीत फारसा दिसत नाही. तो दिसतो शेक्सपिअरच्या रिचर्ड द थर्ड या नाटकात. तेथील बकिंगहॅम कारस्थानात रिचर्डचा उजवा हात आहे. परंतु राजपुत्रांच्या हत्येची सूचना येताच तो क्षणभर कचरतो, आणि नंतर ठरलेले बक्षीस मागावयास गेला असता त्याला झिडकारले जाते. त्याचा नाश दैव करीत नाही. ज्या सत्तेला त्याने स्वतः उभे केले, तीच त्याला गिळते. नीतिपाठाकडून राजकीय जाणिवेकडे झालेले हे संक्रमण महत्त्वाचे आहे.

हेन्रीचा पुत्र एडवर्ड (१४७८–१५२१) याला आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत राजद्रोहाच्या आरोपावरून देहदंड देण्यात आला. शेक्सपिअर व फ्लेचर यांच्या हेन्री द एट्‌थ (१६१३) या नाटकात वधस्थानाकडे जाताना तो स्वतःच्या व पित्याच्या अंतातील साम्य बोलून दाखवितो. दोघांचाही घात त्यांच्याच सेवकांनी केला. पदवीबरोबर तिचा शापही वारशाने येतो, ही कल्पना येथे नाट्यरूप झाली आहे.

स्टॅफर्ड घराण्याचे सामर्थ्य रक्ताच्या नात्यावर उभे होते. जॉर्ज व्हिलियर्सचे (१५९२–१६२८) केवळ राजाच्या मर्जीवर. लेस्टरशरमधील एका सामान्य सरदाराचा हा मुलगा १६१४ मध्ये पहिल्या जेम्सच्या नजरेस पडला आणि १६२३ मध्ये ड्यूक झाला. १५७२ मध्ये नॉर्फकच्या ड्यूकला देहदंड झाल्यानंतर राजकुलाबाहेरील एकही ड्यूक इंग्लंडात उरला नव्हता, हे ध्यानात घेता या बढतीचे असाधारणत्व कळते. फ्रान्सिस बेकनने आपल्या निबंधांची १६२५ ची आवृत्ती त्यालाच अर्पण केली. काडिझ (१६२५) व रे बेट (१६२७) येथील मोहिमा फसल्या. १६२६ मध्ये कॉमन्स सभेने त्याच्यावर महाभियोग आणला, तेव्हा त्याला वाचविण्यासाठी पहिल्या चार्ल्सने पार्लमेंटच बरखास्त केले. अखेर २३ ऑगस्ट १६२८ रोजी पोर्टस्मथ येथे जॉन फेल्टन या लष्करी अधिकाऱ्याने त्याचा खून केला, आणि फेल्टनची स्तुती करणारी पद्ये हस्तलिखित स्वरूपात लोकांत फिरू लागली. फ्रेंच कादंबरीकार आलेक्सांद्र द्यूमा याने थ्री मस्किटिअर्स (१८४४) मध्ये या खुनाला प्रेम व सूड यांचे कारण जोडले. कादंबरी रंजक आहे. परंतु राजा व पार्लमेंट यांच्यातील ज्या संघर्षामुळे ड्यूक लोकांच्या द्वेषाचा विषय झाला होता, तो संघर्ष तीत जवळजवळ लोपलेला आहे.

त्याचा पुत्र दुसरा जॉर्ज व्हिलियर्स (१६२८–८७) हा स्वतःच लेखक असल्यामुळे येथे प्रकरण दुपदरी होते. दुसऱ्या चार्ल्सच्या ‘कबाल’ नावाच्या मंत्रिगटात तो होता. त्याच्या द रिहर्सल (१६७१) या प्रहसनात बेझ नावाचा नाटककार आपल्या नाटकाची तालीम दोन गृहस्थांना दाखवितो. बेझ म्हणजे मुख्यत्वे जॉन ड्रायडन, आणि विडंबनाचा विषय म्हणजे तत्कालीन वीरनाट्यातील शब्दावडंबर व असंभाव्य प्रसंग. शेरिडनचे द क्रिटिक (१७७९) याच परंपरेतील आहे. ड्रायडनने दहा वर्षांनी ॲब्सलम अँड ॲकिटोफेल (१६८१) या उपरोधपर काव्यात झिम्रीच्या रूपाने त्याची परतफेड केली. त्याने ड्यूकवर एकाही अपराधाचा भार घातला नाही. कोणत्याच गोष्टीत न टिकणारा, सर्व काही करून पाहणारा एक हास्यास्पद माणूस म्हणून त्याला रेखाटले. पुढे पोपने त्याचा मृत्यू एका गलिच्छ सराईत घडविला. वस्तुतः यॉर्कशरमधील कर्बीमुरसाइड येथे आपल्या एका कुळाच्या घरी तो वारला.

ही दोन्ही चित्रे कलादृष्ट्या उत्तम आहेत आणि म्हणूनच त्यांच्या बाबतीत सावध राहणे आवश्यक ठरते. ड्रायडन राजपक्षाचा कवी होता, तर ड्यूक त्या वेळी विरोधी पक्षात होता. भिन्नपंथीय प्रॉटेस्टंटांना सवलत देणारे विधेयक मांडण्याची अनुज्ञा त्याने १६७५ मध्ये लॉर्डांच्या सभागृहात मागितली होती, आणि १६८५ मध्ये धार्मिक सहिष्णुतेचा पुरस्कार करणारी पुस्तिकाही प्रसिद्ध केली. हा आग्रह त्याने निदान दहा वर्षे धरला, असे यावरून दिसते. झिम्रीच्या चंचलपणात तो बसत नाही. ड्यूकचा उच्छृंखलपणा खरा होता. १६६८ मध्ये त्याच्याशी झालेल्या द्वंद्वयुद्धात श्रूझबरीचा अर्ल प्राणघातक जखमी झाला होता. पण उपरोध एका गुणदोषावर सर्व प्रकाश टाकतो आणि बाकीचे अंधारात ठेवतो. त्याचे सत्य हे कलेचे सत्य असते, चरित्राचे नव्हे.

जॉन शेफील्ड (१६४८–१७२१) याला ही पदवी १७०३ मध्ये मिळाली. तो मल्ग्रेव्हचा अर्ल असताना ड्रायडनने आपले औरंगझेब (१६७५) हे नाटक त्याला अर्पण केले होते. ॲन एसे अपॉन पोएट्री (१६८२) ही त्याची पद्यरचना तत्कालीन अभिजाततावादी संकेतांचा बेताचा आविष्कार होय. आज त्याचे नाव टिकले आहे ते त्याने लंडनमध्ये बांधलेल्या वाड्यामुळे. बकिंगहॅम राजवाडा हे त्याचेच विस्तारित रूप होय.

टेंपल-ग्रेनव्हिल घराण्यातील दुसऱ्या ड्यूकवर दिवाळखोरीमुळे १८४८ मध्ये स्टो येथील संग्रहाचा लिलाव करण्याची पाळी आली. तिसरा ड्यूक १८७५ ते १८८० या काळात मद्रासचा गव्हर्नर होता. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळात मदतकार्य म्हणून मद्रास शहरातून खोदलेल्या कालव्यामुळे तेथील जलमार्गाचे भाग जोडले गेले आणि त्याला ‘बकिंगहॅम कालवा’ हे नाव मिळाले. हा ड्यूक १८८९ मध्ये पुत्रहीन वारला व पदवी संपुष्टात आली. त्याच्या वाट्यास सॅक्‌व्हिल, शेक्सपिअर वा ड्रायडन आला नाही. दुष्काळी कामावरील हजारो मजुरांच्या श्रमांतून झालेल्या कालव्यावरच त्याची पदवी कोरली गेली. त्या मजुरांची नावे मात्र कोठेही नाहीत. पदव्यांच्या इतिहासातील ही विसंगती साहित्यानेही बहुधा दृष्टिआड केली आहे.