पायांचा सव्यसाची : सान्ती काझोर्ला

‘सव्यसाची’ हे अर्जुनाच्या दहा नावांपैकी एक. दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने गांडीव ओढता येते म्हणून हे नाव पडले, असा खुलासा विराटपर्वात तो स्वतःच राजपुत्र उत्तरापाशी करतो. हातांच्या या सिद्धीसाठी आपल्याकडे असा भारदस्त शब्द आहे. पायांसाठी मात्र नाही. गरजच पडली नसावी. स्पेनच्या सान्ती काझोर्लाविषयी लिहायला बसलो तेव्हा ही उणीव आम्हांस प्रथम जाणवली. (स्पेनमध्ये त्याच्या आडनावाचा उच्चार ‘काथोर्ला’ असा होतो, आपल्या वृत्तपत्रांनी रूढ केलेलाच उच्चार आम्ही ठेवला आहे.) त्याचा मूळचा पाय उजवा. पण डावा पायही इतका तयार, की त्याने कॉर्नर किक कोणत्या पायाने घ्यावी याचा निर्णय मैदानाची बाजू आणि वाऱ्याची दिशा पाहून होई. पायाच्या सोयीचा प्रश्न त्यात येत नसे.

साहित्यसंस्थेच्या पत्रिकेत फुटबॉलपटू कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. गोमंतकातील वाचकांच्या मनात तो येणार नाही, कारण तेथे हा खेळ गावागावांत रुजलेला आहे आणि २०१७ पासून सेर्जिओ लोबेरा हे स्पॅनिश प्रशिक्षक व एदू बेदिया हा स्पॅनिश मध्यफळीचा खेळाडू यांच्यामुळे त्या देशाची चेंडू राखून खेळण्याची रीत फातोर्ड्याच्या प्रेक्षकांनी जवळून पाहिली आहे. इतरांना आम्ही एवढेच सांगू, की ज्या कृतीत शैली असते तिची समीक्षा होऊ शकते. काझोर्लाच्या बाबतीत तर ती होणे अगत्याचे आहे. कारण त्याच्याविषयी आजवर जे लिहिले गेले त्यातील बहुतांश त्याच्या दुखापतीविषयी आहे, खेळाविषयी फार थोडे.

दोन्ही पायांनी खेळता येण्याचा नेमका लाभ कोणता? सामान्य खेळाडूचा एक पाय बळकट असतो. बचाव करणारा प्रतिस्पर्धी ती बाजू रोखून धरतो आणि खेळाडूला दुबळ्या बाजूकडे लोटतो. निम्मा बचाव या एका हिशेबावर उभा असतो. काझोर्लापुढे हा हिशेबच जुळत नाही. चेंडू त्याच्या पायाशी आला, की तो डावीकडे वळेल की उजवीकडे, हे त्याच्या शरीराच्या ठेवणीवरून ओळखता येत नाही, आणि समोरचा अर्धा क्षण थबकतो. तेवढ्या अवधीत चेंडू निघून गेलेला असतो. ग्वाल्हेर-इंदूरकडील आमच्या वाचकांना हे चटकन पटेल. मुरलेला ख्यालगायक समेवर कोणत्या वाटेने उतरणार हे शेवटच्या मात्रेपर्यंत कळू देत नाही. सम ठरलेली असते, वाट झाकलेली असते. काझोर्लाच्या खेळातील आनंद याच जातीचा आहे. त्याची उंची जेमतेम पाच फूट सहा इंच, धावण्याचा वेगही विशेष नाही. आपला बेत झाकून ठेवण्याची कला हेच त्याचे खरे भांडवल.

१३ डिसेंबर १९८४ रोजी आस्तुरियास प्रांतातील लुगो दे यानेरा या गावी त्याचा जन्म झाला. उत्तर स्पेनचा हा डोंगराळ, पावसाळी, कोळशाच्या खाणींचा प्रदेश. राजधानी ओव्हिएदो तेथून हाकेच्या अंतरावर. ओव्हिएदोच्या बालसंघात तो घडला. परंतु २००१ साली रेआल ओव्हिएदो हा क्लब स्पेनच्या सर्वोच्च श्रेणीतून खाली आला, आणि २००३ मध्ये एकाच उन्हाळ्यात त्याच्यावर दोन आघात झाले : खेळात हरून तो तिसऱ्या श्रेणीत गेला आणि खेळाडूंची देणी थकल्यामुळे शिक्षा म्हणून चौथ्या श्रेणीत ढकलला गेला. अठरा वर्षांच्या काझोर्लाने पूर्व किनाऱ्यावरील व्हियारेआलची वाट धरली. क्लबच्या मुख्य संघातून तो तोवर एकदाही खेळला नव्हता. हे जाणे महत्त्वाकांक्षेपोटीचे होते असे म्हणवत नाही. घरची चूल विझल्यावर जसे जाणे होते, तसे ते होते.

पुढील काही वर्षांचा वृत्तान्त थोडक्यात देतो. २००६-०७ चा मोसम तो वेल्वा येथील रेक्रेआतिव्होकडून खेळला आणि पुन्हा व्हियारेआलला आला. २००८ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत इटलीविरुद्धची उपान्त्यपूर्व लढत पेनल्टींवर गेली, तेव्हा स्पेनची दुसरी पेनल्टी या नवख्याने घेतली व गोल केला. अंतिम सामन्यातही तो बदली खेळाडू म्हणून उतरला. २०१० चा विश्वचषक मात्र पाठीच्या दुखण्यामुळे हुकला. २०१२ च्या युरोपीय विजेत्या संघात तो पुन्हा होता. चावी, इनिएस्ता, सिल्वा, चाबी आलोन्सो यांनी गजबजलेल्या त्या मध्यफळीत त्याचे स्थान बहुधा राखीवच राहिले. येथे भक्तांची नाराजी पत्करूनही आम्ही म्हणू, की हा त्याच्यावरील अन्याय नव्हता. चावीची सामन्यावरील सार्वभौम पकड आणि इनिएस्ताचे ऐन प्रसंगीचे धैर्य या दोन्ही गोष्टी त्याच्या प्रतिभेच्या पल्ल्यापलीकडच्या होत्या. तो पहिल्या पंगतीतला नव्हता. परंतु पहिल्या पंगतीबाहेरच्या कलावंतांत कधी कधी असा एखादा गुण सापडतो, जो पहिल्या पंगतीतही नसतो.

तो गुण बहरला आर्सेनलमध्ये. मालागा क्लबच्या श्रीमंत कतारी मालकाने २०११ मध्ये त्याला मोठी किंमत मोजून घेतले होते. त्या एका मोसमात मालागा चौथ्या क्रमांकावर आला, आणि लगोलग तिजोरीला गळती लागली. ऑगस्ट २०१२ मध्ये काझोर्ला लंडनला गेला. दुसऱ्यांदा एका क्लबच्या फाटक्या हिशेबवहीने त्याचा मुक्काम हलवला. आर्सेनलचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी त्याला प्रारंभी प्रतिस्पर्ध्यांच्या गोलाजवळ खेळवले. १७ मे २०१४ रोजी वेम्बली मैदानावर एफए चषकाच्या अंतिम सामन्यात हल सिटीने पहिल्या आठ मिनिटांत दोन गोल चढवले. आर्सेनलने त्यापूर्वीची नऊ वर्षे एकही मोठा चषक जिंकला नव्हता, आणि ते ओझे त्या आठ मिनिटांत साऱ्या संघाच्या खांद्यांवर दिसू लागले. सतराव्या मिनिटाला काझोर्लाने उजव्या पायाची फ्री-किक थेट गोलात धाडली. जादा वेळेत आर्सेनलने सामना ३-२ असा जिंकला.

त्याच्या चाहत्यांच्या आठवणीत हा गोल प्रथम येतो. आमच्या लेखी त्याहून मोलाचा सामना १८ जानेवारी २०१५ चा, तत्कालीन विजेत्या मँचेस्टर सिटीविरुद्ध त्यांच्याच मैदानावरचा. तोवर वेंगर यांनी त्याला गोलापासून दूर, मध्यफळीच्या मागच्या बाजूला, आपल्या बचावफळीच्या पुढ्यात आणून ठेवले होते. शेजारी फ्रान्सिस कोक्लाँ हा धसमुसळा, चेंडू हिसकावणारा जोडीदार. या जागी सामान्यतः धिप्पाड माणूस उभा करतात. कारण उघड आहे : तेथे चेंडू गमावला तर मागे गोलरक्षकावाचून फारसे कोणी उरत नाही. पण त्या दाटीत, तीन बाजूंनी प्रतिस्पर्धी चालून येत असताना, काझोर्ला चेंडू घेई, एका पायाने घेतल्यासारखे करी, दुसऱ्याने वळवी आणि वेढ्यातून बाहेर पडे. पुढच्या टोकाला ही कला शोभेची होती. मागे तिच्यावर सारा डोलारा उभा राहिला. त्या दिवशी आर्सेनल २-० ने जिंकले. पहिला गोल त्याच्या पेनल्टीचा आणि दुसरा त्याच्या फ्री-किकवर जिरूने डोक्याने मारलेला. पण आकडे बाजूला ठेवून तो सामना पाहावा. तिशी ओलांडलेल्या कलावंताने आपले माध्यम तेच ठेवून रचना पार बदलावी, असे क्वचितच घडते.

यानंतर दुखापतीचे प्रकरण. ते टाळता येत नाही, पण लांबवणारही नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये चिलीविरुद्धच्या एका मैत्रीपूर्ण सामन्यात घोट्याला मार बसला होता. तो मुरत गेला. १९ ऑक्टोबर २०१६ चा लुदोगोरेत्सविरुद्धचा सामना हा त्याचा आर्सेनलसाठीचा शेवटचा. शस्त्रक्रियेच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला. तो टाचेच्या शिरेपर्यंत पोहोचला आणि तिचा सुमारे आठ सेंटीमीटरचा भाग खाऊन गेला. २०१७ च्या अखेरीपर्यंत आठ शस्त्रक्रिया झाल्या. जखम झाकण्यासाठी डाव्या हातावरील कातडी काढून घोट्यावर लावली गेली. त्या कातडीवर मुलीचे नाव गोंदलेले होते, ते निम्मे हातावर राहिले, निम्मे पायावर गेले. बागेत मुलाबरोबर पुन्हा चालता आले तरी समाधान मान, असे वैद्यांनी त्याला सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. ६३६ दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, तो व्हियारेआलकडून पुन्हा मैदानात उतरला.

व्हियारेआलने त्याचे स्वागत जादूगाराच्या प्रयोगासारखे केले : काचेच्या रिकाम्या नळकांड्यात धूर सोडला आणि धुरातून काझोर्ला प्रकटला. प्रयोग गमतीचा होता, पण ‘चमत्कार’ हा शब्द त्या दिवसापासून त्याला जो चिकटला, तो आम्हांस खटकतो. चमत्काराला कारण लागत नाही. येथे कारणे स्पष्ट दिसतात. सालामांका येथे महिनोन् महिने घेतलेला व्यायाम हे एक. दुसरे अधिक आमच्या विषयातले : ज्याची भिस्त वेगावर असते, त्याची टाच गेली की कला जाते. काझोर्लाची भिस्त झाकलेल्या निर्णयावर होती आणि निर्णय टाचेत राहत नाही. म्हणूनच ३ जानेवारी २०१९ रोजी रेआल माद्रिदविरुद्ध २-२ असा सुटलेल्या सामन्यात व्हियारेआलचे दोन्ही गोल त्याचे होते, आणि त्याच वर्षी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, राष्ट्रीय संघाने त्याला पुन्हा बोलावले. २०२० ते २०२३ ही कतारमधील वर्षे अर्थार्जनाची होती. त्यांत कलेच्या दृष्टीने आम्हांस नोंदण्याजोगे काही दिसत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये तो ओव्हिएदोला परतला. वय अडतीस, श्रेणी दुसरी. नियमाने द्यावेच लागते तेवढे किमान वेतन त्याने स्वीकारले आणि आपल्या नावाच्या सदऱ्यांच्या विक्रीतील दहा टक्के क्लबच्या बालसंघासाठी मागून घेतले. यावर गहिवरून लिहिणाऱ्यांचे पीक आले. त्यागाचे कौतुक जरूर करावे; पण कतारहून आलेल्या माणसाला किमान वेतन परवडते, हेही ध्यानात असू द्यावे. २००३ मध्ये ज्यांचे पगार थकले त्यांना ते परवडत नव्हते.

या गहिवरात एक गोष्ट पार झाकून जाते. परतायला घर शिल्लक असावे लागते. २०१२ च्या नोव्हेंबरात ओव्हिएदो पुन्हा बुडीत निघाला होता आणि सुमारे १९ लाख युरो काही दिवसांत उभे राहिले नसते, तर क्लब कायमचा मिटला असता. तेव्हा सुमारे ११ युरोंचा एक असे समभाग विक्रीस काढले गेले. काझोर्ला, हुआन माता, मिचू, आद्रियान या ओव्हिएदोत घडून दूर गेलेल्या मुलांनी ते घेतलेच. पण ओव्हिएदो नकाशावर दाखवता येणार नाही अशा देशोदेशीच्या हजारो लोकांनीही एक-एक, दोन-दोन समभाग घेतले, आणि गावातल्यांनी रांगा लावल्या. शेवटी मेक्सिकोचे धनाढ्य कार्लोस स्लिम यांनी मोठी रक्कम घातली. काझोर्लाच्या घरवापसीच्या कथेत या लोकांना ओळभरही जागा मिळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुलखाबाहेर राहून वर्गणीच्या पावत्यांवर वाचनालये आणि मंडळे तगवून धरणाऱ्या आमच्या वाचकांना ही उणीव अधिक बोचेल, असे वाटते. जाणाऱ्याची आणि परतणाऱ्याची कथा सांगणे सोपे; मधल्या काळात दारे उघडी ठेवणाऱ्यांची कथा सांगायला कोणी बसत नाही.

मैदानावर तो आता पूर्ण सामना क्वचित खेळे. अर्धा तास, कधी त्याहून कमी. पण त्या अवधीत खेळाची लय बदललेली कळे. २०२४ मध्ये बढतीसाठीच्या निर्णायक लढतीत ओव्हिएदो एस्पान्योलकडून हरला. पुढील वर्षी अल्मेरियाविरुद्धच्या उपान्त्य फेरीत काझोर्लाने फ्री-किकवर थेट गोल केला, आणि शेवटची लढत मिरांदेसशी पडली. पहिला सामना ओव्हिएदोने ०-१ असा गमावला. २१ जून २०२५ रोजी, कार्लोस तार्तिएरे या घरच्या मैदानावर, दुसऱ्यातही मिरांदेसचा गोल आधी झाला. एकूण दोन गोलांची पिछाडी. एकोणचाळिसाव्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. चाळिशी गाठलेला काझोर्ला चेंडू घेऊन गेला व गोल करून आला. उत्तरार्धात इलियास चाइराने गोल केला, आणि जादा वेळेत मालागाकडच्या पोर्तियोने तिसरा. एकूण ३-२. चोवीस वर्षांनी ओव्हिएदो सर्वोच्च श्रेणीत परतला.

दुसऱ्या दिवशी जगभर जे मथळे झळकले त्यांत काझोर्लाचे नाव अग्रभागी होते. पोर्तियोचे शोधावे लागे. काझोर्लाने पुढच्याच महिन्यात करार आणखी एका वर्षाने वाढवला.